पांढऱ्या साडीतली पाहुणी

सरकारी कागदावर माझ्या थोरल्या बहिणीबद्दल एक वाक्य लिहिलेलं होतं : ‘सदर मयत महिला समारंभास पाहुणी म्हणून उपस्थित होती.’ एवढं एक वाक्य खोडून घ्यायला आम्हा मायलेकींची नऊ वर्षं गेली. त्या नऊ वर्षांत लोकांनी मला भरपूर शहाणपण शिकवलं. झालं गेलं विसरून जा, म्हणाले. कागद बदलून गेलेलं माणूस परत येतं का, असंही विचारलं. परत येत नाही हे मला त्यांच्या आधी कळलं होतं, कारण तिचे जळालेले हात मी पाहिले होते. जी बाई कामावर असताना, दुसऱ्यांच्या लेकी बाहेर काढताना मेली, तिला जेवायला आलेली पाहुणी ठरवायचं आणि आम्ही गप्प बसायचं?

आम्ही दौंडचे. वडील रेल्वेत खलाशी होते. रुळांपलीकडं, विहाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. आम्ही दोघीच बहिणी. आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिनं नर्सिंगचा कोर्स केला आणि शिरूर तालुक्यातल्या एका मोठ्या गावात, आरोग्य केंद्रात तिला नोकरी लागली. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या कितीतरी जणांनी त्या दिवशी हाताची सालं जाईपर्यंत पत्रे ओढले. त्या गावाशी माझं भांडण नाही.

दवाखान्याच्या मागं आक्काला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. तिच्याकडं एक जुनी लूना होती. लसीचा डबा पुढं ठेवून ती वस्त्यावस्त्यांवर फिरायची. उन्हाळ्यात लूना वाळूत रुतली की उतरून ढकलत न्यायची. बाळंतपणाचा सांगावा आला की ताटावरून उठायची. रागीट होती, हेही सांगते. डोस चुकवलेल्या आयांना ती चारचौघांत झापायची, आणि त्या आया तरी तिलाच शोधत यायच्या.

तिच्याबरोबर मी एकदा एका वस्तीवर गेले होते. आदल्या आठवड्यात तिनं तिथं एक अडलेलं बाळंतपण सोडवलं होतं, म्हणून त्या घरानं कौतुकानं चहा केला. घरच्यांचे कप कपाटात होते, आमच्यासाठी कोनाड्यातून दोन वेगळे कप निघाले. मी कप तसाच खाली ठेवला. आक्कानं मात्र चहा घेतला, उठून दोन्ही कप रांजणापाशी विसळले आणि कपाटातल्या कपांच्या रांगेत नेऊन ठेवले.

“मावशी, तुमचा नातू ज्या हातानं बाहेर काढला, त्याच हातानं धुतल्यात,” ती म्हणाली.

पुढच्या खेपेला आक्काला कपाटातल्याच कपात चहा मिळाला. हे तिनं मला नंतर हसत हसत सांगितलं. मला मात्र हसू आलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. मी डी.एड. करत होते आणि मेच्या सुट्टीत आक्काकडं राहायला गेले होते. त्या काळात आमच्याकडं सामुदायिक विवाहांची मोठी लाट होती. एका मांडवात एकाच मुहूर्तावर पुष्कळ लग्नं लागायची. गरिबांचा खर्च वाचायचा, हे खरंच आहे. मांडवाबाहेर नेत्यांचे फोटो नवरा-नवरीच्या नावांपेक्षा मोठे असायचे, हेही खरं आहे. गावातल्या एका पुढाऱ्यानं त्या वर्षी असाच सोहळा ठेवला होता. गावात सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत.

तो रविवार होता, आक्काच्या सुट्टीचा दिवस. तिनं सकाळीच शिकेकाईनं केस धुतले होते. दुपारच्या गाडीनं आम्ही दोघी चौफुल्यावरून दौंडला जाणार होतो. तेवढ्यात दवाखान्याचे शिपाई दारात आले. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो.

“सिस्टर, डॉक्टरसाहेबांचा फोन आलता,” ते म्हणाले. “आज लग्नं हायेत न्हवं, तिथं औषदाची पेटी घिऊन बसायचंय तुम्हाला. नवऱ्या मुलींच्या बाजूला. उन्हानं कुनाला चक्कर आली तर.”

“आप्पा, आज सुट्टी हाय माझी.”

“म्या बी तेच म्हन्लो. तर म्हन्ले, साहेबांचा सोताचा फोन आलाय, न्हाई म्हनता येत न्हाई.”

“काही लेखी दिलंय?”

“फोनवर लेखी कसं देत्याल, सिस्टर?”

“मग हालचाल रजिस्टर काढा. नोंद करून जाते.”

“ते डॉक्टरसाहेबांच्या कपाटात. चावी त्यांच्यापाशी, आन् ते पुण्याला.”

आक्कानं ओले केस तसेच गुंडाळून अंबाडा घातला. “उद्या लिहिते मग,” म्हणाली. सरकारी कर्मचारी कामानिमित्त बाहेर जाताना ज्यात लिहितो ते हे रजिस्टर. त्यातली एक ओळ त्या दिवशी लिहायची राहिली. तेवढ्यावर पुढं खोटेपणाचा सगळा कारखाना उभा राहिला.

ती ड्युटीची पांढरी साडी नेसायला लागली तेव्हा मी म्हणाले, “आक्का, लग्नात पांढरी साडी? बायका नावं ठेवतील.”

“मी काय मिरवायला चाललेय का?” असं म्हणत तिनं छातीवर नावाचा बिल्ला लावला.

मांडव शाळेच्या मैदानावर होता. वर रंगीत नायलॉनचं छत होतं, झालरी होत्या. स्टेजच्या मागं साहेब लोकांसाठी एक वेगळा रस्ता, त्यावर लाल जाजम. त्या रस्त्यावरून दोन गाड्या शेजारी शेजारी जातील एवढी त्याची रुंदी. नवऱ्या मुलींचा कक्ष मांडवाच्या डाव्या टोकाला होता. त्याला तीन बाजूंनी उभे पत्रे मारलेले, बांबूंना काथ्यानं घट्ट बांधलेले. चौथ्या बाजूला मांडवाकडची कनात आणि तिच्यात एकच दार. मागच्या अंगाला जेवणाचा मांडव होता. तिकडून फुकटे आत घुसू नयेत म्हणून मागं दार ठेवलंच नव्हतं. दारावर बिल्ला लावलेले स्वयंसेवक.

मुली सकाळपासून उपाशी होत्या, हिरव्या चुड्यात, मुंडावळ्या बांधून, जाड शालूत. मुहूर्त टळून गेला तरी लग्नं लागेनात, कारण प्रमुख पाहुण्यांची गाडी यायची होती. आत पंखा नाही. आक्कानं एका टेबलावर पेटी मांडली होती आणि ती मुलींना मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. शिक्रापूरहून आलेली एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिचे वडील तिथं एका कंपनीत माल भरायचे आणि ती माणसं भाड्याच्या खोलीत राहायची. आक्कानं तिला कोपऱ्यात सतरंजीवर निजवलं, पायांखाली उशी दिली आणि दारापाशी जाऊन स्वयंसेवकाला म्हणाली, “मागचा एक पत्रा सोडा. हवा तरी येईल. पोरी गुदमरायला लागल्यात.”

“तिकडून कुणाला सोडायचं न्हाई, बाई. ऑर्डर हाय.”

“सोडायचं कुणाला? हवा येऊ द्या म्हणते.”

“साहेबांना विचारतो.”

तो विचारायला गेला की नाही, मला ठाऊक नाही. पाणी संपलं होतं. आक्कानं मला कळशी देऊन मैदानाबाहेरच्या टँकरवर पाठवलं. मी जिवंत आहे ती त्या कळशीमुळं.

मी टँकरपाशी असतानाच गाड्या आल्या. ताशा वाजायला लागला आणि पाहुण्यांच्या स्वागताला फटाके उडाले. भरदुपारी, मेच्या उन्हात, नायलॉनच्या छताखाली एवढी माणसं बसलेली असताना आकाशात उडणारे फटाके! एक बाण आडवा गेला. तो छतावर पडलेला मी डोळ्यांनी पाहिला. आधी नाण्याएवढं भोक पडलं. मला वाटलं, विझेल. मग छत कागदासारखं आक्रसत पेटत गेलं, आणि वितळलेलं कापड थेंबाथेंबानं खाली पडायला लागलं.

स्टेजवरची सगळी माणसं लाल जाजमावरून बाहेर आली. त्यांतल्या एकाच्याही फेट्याला डाग लागला नाही. मांडवातले पुरुष कनाती उचलून बाजूनं निसटले, त्यांतलेही खूप जण भाजले. आणि नवऱ्या मुलींच्या कक्षाचं एकुलतं एक दार मांडवाच्या बाजूला होतं, म्हणजे आगीच्या तोंडावर.

मी कळशी टाकून मागच्या बाजूला पळाले. आतून पत्र्यांवर हात आपटत होते. कितीतरी हातांतल्या बांगड्या पत्र्यावर फुटत होत्या आणि त्या सगळ्या कालव्यात मला आक्काचा आवाज ऐकू आला. वस्तीवर आयांना झापायची, तोच आवाज.

“मागं सरा! एकीनंबी ढकलू नका! मला काथ्या कापू द्या!”

ती पेटीतल्या बँडेजच्या कात्रीनं पत्र्याचे बंध कापत होती. ती कात्री गॉज कापायची, बोटाएवढा काथ्या कापायची नव्हे. एक बंध सुटला तसा पत्रा खालून हलला. बाहेरून आम्ही धरला. आचारी धावले, टँकरवाला आला, कोण कुठले लोक आले. कुणी बांबू घातला. पत्रा वाकला आणि माणूस सरपटत जाईल एवढी फट झाली. त्या फटीतून एकेक मुलगी बाहेर यायला लागली. आतून आक्का त्यांना रांगेनं पाठवत होती. शालू अडकला की ती आतून कात्रीनं फाडायची, आम्ही बाहेरून ओढायचो.

मग आक्का स्वतः बाहेर आली. तिचा चेहरा काळा झाला होता, पण ती बरी होती. मी तिचा दंड पकडला. ती मुली मोजत होती की काय कोण जाणे, तिनं आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाली, “ती झोपलेली कुठाय? सतरंजीवरची?”

“आली असंल गं.”

“न्हाई आली. तिला मीच झोपवलीय.”

माझ्या हातातून तिनं दंड सोडवून घेतला. मी जोर लावला नाही असं नाही. तिचा जोर माझ्यापेक्षा जास्त होता.

ती मुलगी फटीतून बाहेर आली ती पाय आधी करून. आक्कानं तिला आतून ढकललं होतं. मुलीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते, पण श्वास चालू होता. तिच्या मागोमाग आक्काचं डोकं आणि खांदे फटीत दिसले आणि त्याच वेळी कक्षावरचं छत खाली आलं. एका आचाऱ्यानं तिला ओढून काढलं आणि भिजवलेलं पोतं तिच्यावर टाकलं. पांढरी साडी कुठं संपते आणि कातडी कुठं सुरू होते ते दिसत नव्हतं.

किती जीव गेले तो आकडा मी देत नाही. ज्यांना आकडे द्यायचे होते त्यांनी दिले, आणि पुन्हा बदलले.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आक्का चार दिवस होती. ती शुद्धीवर होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. नर्स असल्यानं आपल्याला काय झालंय आणि किती दिवस आहेत ते तिला ठाऊक होतं. आई तिच्या उशाशी बसून नुसती पंख्यानं वारा घालायची. वर पंखा फिरत असताना.

“ती शिक्रापूरची पोरगी?” आक्कानं पहिल्याच दिवशी विचारलं.

“जिवंत आहे. शेजारच्या वॉर्डात आहे.”

“हाताच्या बोटांना वेगवेगळं बँडेज करा म्हणावं. एकत्र बांधलं तर चिकटतात.”

दुसऱ्या दिवशी म्हणाली, “सोमवारचा डोस राहिला. नदीकाठच्या वस्तीचा.” आणि मग, “आप्पांना सांग, रजिस्टरला लिहायचं राहिलंय. डॉक्टरांना सही करायला सांग.”

मी हो म्हणाले. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. तिचं वय तेव्हा तीसही नव्हतं.

डॉक्टर दौंडला भेटायला आले. खुर्चीवर बसले, चहा घेतला, फार चांगली कर्मचारी होती म्हणाले. आई जमिनीवर बसली होती. तिनं विचारलं, “साहेब, तिला तुमीच धाडली व्हती ना?”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. “मी त्या दिवशी पुण्याला होतो, आई. रविवार होता. त्यांना सुट्टी होती.”

“फोन केला व्हता ना पन तुमी?”

“तसं काही नाही. त्या हौसेनं गेल्या असतील. गावातलं लग्न म्हटल्यावर...”

आई कधी शाळेत गेलेली नव्हती, पण त्या एका क्षणात तिला सगळं समजलं. मला समजायला चौकशीपर्यंत थांबावं लागलं. साहेबांनी फोन केला हे कबूल केलं असतं, तर सोहळा त्यांचा ठरला असता, पत्रे त्यांचे ठरले असते. डॉक्टरांनी कबूल केलं असतं, तर लेखी आदेशाशिवाय सुट्टीच्या दिवशी खाजगी कार्यक्रमाला कर्मचारी पाठवल्याबद्दल त्यांना जाब द्यावा लागला असता. आक्का पाहुणी ठरली की सगळे सुटत होते. मेलेल्या बाईवर ढकलण्याइतकं सोपं काम जगात नाही.

चौकशी अधिकारी शिरूरला येऊन बसले होते. घोडनदीचा पूल ओलांडून ज्या रस्त्यानं आक्का लसींचे डबे आणायला यायची, त्याच रस्त्यानं मी जबाब द्यायला गेले. आप्पांचा जबाब माझ्या आधी झाला होता. फोन आला नाही, आपण सिस्टरांना काही सांगितलं नाही, असं त्यांनी लिहून दिलं होतं. बाहेर व्हरांड्यात आमची गाठ पडली तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि माझ्याकडं न बघता जिना उतरून गेले.

मी सगळं सांगितलं. फोन, रजिस्टर, कात्री, मागचा पत्रा सोडायची तिनं केलेली मागणी. अधिकारी ऐकून म्हणाले, “तुम्ही मयताच्या बहीण. नातेवाइकांच्या जबाबाला आम्हाला तेवढं वजन देता येत नाही.”

“मग जे तिला पाहुणी म्हणतात ते कुणाचे नातेवाईक आहेत?”

“हे बघा, भावनेच्या भरात बोलू नका.”

“बरं, शांतपणे विचारते. पांढरी साडी नेसून, नावाचा बिल्ला लावून कोणती बाई लग्नाला पाहुणी जाते? तुमच्या घरातली जाईल?”

टाइप करणाऱ्या कारकुनाचे हात थांबले. अधिकाऱ्यांनी त्याच्याकडं पाहिलं, तसे पुन्हा चालू झाले. मी विचारलेला प्रश्न त्या कागदावर आला नाही. माझ्या जबाबाखाली मी सही केली नाही. तेव्हा त्यांनी ‘सही करण्यास नकार’ एवढं मात्र न चुकता लिहिलं.

अहवालात कारण काय आलं? ‘महिलांमध्ये घबराट पसरल्याने चेंगराचेंगरी होऊन जीवितहानी वाढली.’ घबराट! ज्या मुली जळत्या छताखाली रांग धरून एकेक करून सरपटत बाहेर आल्या, त्यांची घबराट. आणि लाल जाजमावरून मागं न पाहता पळाले ते काय होतं? त्याला अहवालात शब्दच नव्हता. गुन्हा मांडववाल्यावर आणि फटाकेवाल्यावर दाखल झाला. खटला रेंगाळला, साक्षीदार फिरले, दोघंही सुटले. साहेबांनी श्रद्धांजलीच्या सभेत नियतीचं नाव घेतलं, आणि पुढच्या निवडणुकीत ते मोठ्या मतांनी निवडून आले.

मला शिक्षिकेची नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. वडील गेले. दर वर्षी मी एक अर्ज करायचे आणि दर वर्षी एक उत्तर यायचं की बाब तपासून पाहण्यात येत आहे. एकदा एका कार्यालयातला कारकून म्हणाला, “मॅडम, तुमच्या लोकांना सवयच असते अर्ज करायची.” तुमच्या लोकांना म्हणजे काय, ते मी त्याला तिथंच उभं राहून विचारलं. त्याचे वरिष्ठ येईपर्यंत विचारत राहिले. त्यानं माफी मागितली. तो अर्ज पुढं कुठं सरकला नाही.

माहितीच्या अधिकाराचा कायदा आला तेव्हा मी पहिल्यांदा पंचनामा मागवला. जळालेल्या कक्षात सापडलेल्या वस्तूंची यादी त्यात होती. वितळलेल्या खुर्च्या, भांडी, आणि ‘एक जळालेला पत्र्याचा डबा, आत काचेच्या फुटक्या बाटल्या.’ आरोग्य केंद्राची प्रथमोपचार पेटी होती ती! सरकारी मालमत्ता सरकारी पंचनाम्यात नऊ वर्षं डबा म्हणून पडून होती. पाहुण्यांनी लग्नात असा आहेर आणल्याचं कुणी ऐकलंय का?

तो कागद घेऊन मी शिक्रापूरला गेले. आक्कानं ढकलून बाहेर काढलेली ती मुलगी तिथंच राहत होती. तिचं लग्न पुढच्या वर्षी झालं होतं, आता तिला दोन मुलं होती. बोटं तिची चांगली वाकत होती. लांब बाह्यांचं पोलकं घालून ती पोळ्या लाटत होती. लाटणं ठेवून ती म्हणाली, “ताई, मला कुणी विचारलंच न्हाई. माझा जबाब घ्यायला कुणी आलंच न्हाई. मी सांगते ना. बाई टेबलाशी बसल्या होत्या, मला पानी पाजलं, पायाखाली उशी दिली. पाहुनी कशाला असं करंल?” तिनं प्रतिज्ञापत्र करून दिलं. नवरा नको म्हणत होता, तरी दिलं.

आणि आप्पा आले. निवृत्त झाल्यावर एका दुपारी ते पत्ता विचारत दौंडच्या घरी आले. बरेच थकले होते. आईच्या पुढं जमिनीवर बसले.

“फोन आलता,” ते म्हणाले. “म्याच घेतला. म्याच सिस्टरांना बोलवाया गेलो. म्याच नेऊन सोडल्या म्हना.”

“तवा का न्हाई बोलला?” आईनं विचारलं.

“भ्यालो. पेन्शन जाईल म्हन्ले. पोरीचं लगीन व्हायचं व्हतं.”

मी त्यांच्यावर ओरडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, रडत होता, तरी मी ओरडले. नऊ वर्षं, आप्पा! तुमच्या पेन्शनीसाठी ती नऊ वर्षं खोटी पाहुणी राहिली! आईनं मला गप्प केलं आणि त्यांना म्हणाली, “आता लिहून द्या.” त्यांनी लिहून दिलं, दोन पानं. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे का? आहे. त्यांना माफ केलं का? ते मला अजून सांगता येत नाही.

काही महिन्यांनी पत्र आलं. सदर कर्मचारी कर्तव्य बजावत असताना मृत्यू पावल्याचे मान्य करण्यात येत आहे. एक ओळ. चूक कुणाची होती, आधी खोटं कुणी लिहिलं, यातलं काही नाही. मी आईला ते वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं, मग कागद हातात घेऊन त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “यातलं तिचं नाव कुठं हाय?” मी दाखवलं.

त्या पत्राची बातमी पेपरात आली तसे त्या गावचे चार जण गाडी घेऊन दारात हजर. आरोग्य केंद्रात लसीकरणाची नवी खोली बांधली होती, तिला आक्काचं नाव द्यायचं ठरलं होतं. उद्घाटन साहेबांच्या हस्ते. आईनं स्टेजवर बसायचं, साडीचोळी स्वीकारायची.

आईनं सगळं ऐकून घेतलं. “माझी लेक कामावर व्हती हे म्हनायला तुमच्या साहेबांना तोंड न्हवतं,” ती म्हणाली. “आता तिच्या नावाची पाटी उघडाया बरे हात हायेत. एक करा. मागं पत्रे कुनी मारायला लावले आन् सोडा म्हनल्यावर कुनी सोडले न्हाईत, तेवढं त्या पाटीवर लिवा. मग येते म्या.”

“आई, आता कशाला त्या जुन्या गोष्टी,” त्यांतला एक म्हणाला.

“जुन्या हायेत तर पाटी कशाला लावताय?”

चौघंही उठले. साडीचोळीचं पाकीट त्यांनी कोनाड्याजवळ ठेवलं होतं, ते आईनं त्यांच्या गाडीत नेऊन टाकलं.

त्या खोलीला आता साहेबांच्या वडिलांचं नाव आहे. त्यानंतर एकदा शाळेच्या कामासाठी मी त्या गावात गेले होते, तेव्हा मुद्दाम तिथं डोकावले. एक तरुण नर्स टेबलाशी बसून कार्डं भरत होती. हसरी होती. मी तिला विचारलं, “इथं पूर्वी एक सिस्टर होत्या, आगीत गेल्या. माहीत आहे तुम्हाला?”

“हो, ऐकलंय ना,” ती म्हणाली. “बिचाऱ्या कुठल्या तरी लग्नाला गेल्या होत्या.”

माझ्या पर्समध्ये पत्राची झेरॉक्स होती. ती काढून मी तिच्यापुढं ठेवली. तिनं वाचली, पण तिला त्यातून काही कळलं नाही. कळणार तरी कसं, काय घडलं ते त्यात लिहिलेलंच नाही. बाहेर बाकावर आया पोरांना घेऊन थांबल्या होत्या. मी म्हणाले, “तुमचं काम संपवा, मी थांबते.” तासाभरानं ती मोकळी झाली. मी खुर्ची पुढं ओढली आणि तिला त्या रविवारच्या सकाळपासून सांगायला लागले.